फ्रेंच मेलचं इंग्रजी करताना मधे मराठीत थांबा

संपादक महोदय,

स. न. वि. वि.

अकरावीच्या अ‍ॅडमिशन सुरू झाल्या की आमच्या कोथरूडच्या सोसायटीत दरवर्षी एकच चर्चा असते, संस्कृत घ्यायचं की फ्रेंच की जर्मन, आणि फ्रेंच घेणाऱ्या मुलांचे आईवडील मग माझ्याकडे येतात, कारण मी गेली एकोणीस वर्षं फ्रेंचमधून इंग्रजीत भाषांतराचं काम करते. कथा-कवितांचं नाही, कंपन्यांच्या ईमेलचं, सॉफ्टवेअरच्या मॅन्युअलचं, स्क्रीनवरच्या बटनांचं. त्यांचा प्रश्न ठरलेला, "ताई, पुढे ह्याचा उपयोग काय?" उपयोग आहे, भरपूर आहे, हिंजवडी, खराडी, मगरपट्ट्यात फ्रेंच क्लायंटची कामं चालतात आणि तिकडून येणारे मेल समजणारी माणसं लागतातच. पण आपण ही भाषा ज्या वाटेने शिकतो ना, म्हणजे इंग्रजीच्या खांद्यावर बसून, त्या वाटेनेच सगळे घोटाळे होतात, आणि हे मला बरेच दिवस कुणाला तरी सांगायचं होतं म्हणून हे पत्र.

एक प्रसंग सांगते. एका कंपनीच्या सपोर्ट टीमसाठी मी काम करत होते (नाव महत्त्वाचं नाही), तिथे फ्रान्समधून दुपारी दीडच्या सुमाराला मेल यायचे, कारण उन्हाळ्यात आपल्यात आणि त्यांच्यात साडेतीन तासांचा फरक असतो, हिवाळ्यात साडेचार. त्या दिवशी मी रजेवर होते आणि नव्याने आलेल्या एका मुलीने मेलचं इंग्रजी केलं. मेल दोन ओळींचा होता. पहिलीच ओळ "मेर्सी द रदेमारे ल सेर्व्हर". मेर्सी म्हणजे थँक यू हे पहिल्या धड्यात शिकवतात, तिने लिहिलं, "सर्व्हर रीस्टार्ट केल्याबद्दल धन्यवाद." टीमने वाचलं, सगळ्यांना वाटलं सकाळच्या शिफ्टमधल्या कुणीतरी केला असेल, आणि सगळे आपापल्या कामाला लागले. संध्याकाळी पाचला दुसरा मेल आला, विषयाच्या जागी एकच शब्द, "रलांस", म्हणजे आठवण करून देणं. तोपर्यंत तिकडचे लोक तीन-साडेतीन तास हातावर हात ठेवून बसले होते. कारण फ्रेंचमधे "मेर्सी द" आणि पुढे क्रियापद आलं की बहुतेक वेळा ती विनंती असते, "कृपया सर्व्हर रीस्टार्ट करा" इतकाच त्याचा अर्थ. झालेल्या कामाचे आभार नाहीत, करायच्या कामाची सूचना आहे.

त्या मुलीला सगळे बोलले आणि मला त्याचं फार वाईट वाटलं, कारण तिला फ्रेंच येत होतं, चांगल्या मार्कांनी परीक्षा दिलेल्या होत्या. दुसऱ्या दिवशी मी तिला एवढंच विचारलं की हा माणूस तुला काय सांगतोय ते मला मराठीत सांग. तिने मेल पुन्हा वाचला आणि लगेच म्हणाली, "अहो, तो सर्व्हर चालू करायला सांगतोय." म्हणजे तिला कळलं होतं! मराठीत विचारल्यावर लगेच कळलं, पण फ्रेंचमधून थेट इंग्रजीत उडी मारताना मेर्सीवरून थँक यूवर पाय पडला आणि घसरला.

माझं म्हणणं एवढंच आहे. फ्रेंच आणि इंग्रजी ह्या दोन भाषांमधे दिसायला सारखे शब्द इतके आहेत की डोळा फसतो, मराठी दिसायला पूर्ण वेगळी असल्याने तिथे शब्दावरून शब्दावर जाताच येत नाही, अर्थाकडेच जावं लागतं. म्हणून मधे मराठीत थांबावं. दोन सेकंद लागतात.

आता बघा, "दमांदे" म्हणजे विचारणे, मागणे, पण इंग्रजी डिमांड शेजारीच उभं असतं, आणि तिकडचा माणूस साधं "आम्ही आपल्याला लॉग फाईल पाठवायला सांगत आहोत" म्हणतो तर इंग्रजीत ती धमकी होते, आपले लोक चिडतात, उत्तर तसंच कडक जातं. "सुप्रिमे" म्हणजे डिलीट करणे, काढून टाकणे, सप्रेस नाही, आणि सप्रेस लिहिलं की लोकांना वाटतं डेटा कुठेतरी लपवून ठेवलाय, प्रत्यक्षात तो गेलेला असतो. "एवांत्युएलमां" हा सगळ्यात वाईट. त्याचा अर्थ "कदाचित", "गरज पडली तर", पण इंग्रजी इव्हेन्च्युअली म्हणजे "शेवटी होणारच". टेस्टिंग शुक्रवारी कदाचित होईल असं तिकडून आलं, इकडे झालं की अखेर शुक्रवारी होणार, आणि माझ्या ओळखीतल्या चार पोरांनी गावाला जायची तिकिटं कॅन्सल केली. शुक्रवारी काहीच झालं नाही.

"एक्स्प्लवातासियों" हा शब्द ऑपरेटिंग सिस्टिमच्या फ्रेंच नावात आहे, आणि रोज सर्व्हर चालते ठेवणारी जी टीम असते तिलाही तोच शब्द लावतात. त्याचं मी एका जुन्या डॉक्युमेंटमधे "एक्स्प्लॉयटेशन टीम" झालेलं पाहिलंय, म्हणजे शोषण करणारी टीम. मराठीत विचार केला असता तर "चालवणारे लोक" आलं असतं आणि तिथून ऑपरेशन्स टीम हा बरोबर शब्द आपोआप सुचला असता.

पण माझ्या मते खरी परीक्षा "रसेत" ह्या शब्दाची. डिक्शनरी उघडली तर एक अर्थ पाककृती, दुसरा अर्थ जमा झालेले पैसे. आणि सॉफ्टवेअरच्या कामात? तिथे "रसेत" म्हणजे तयार झालेलं सॉफ्टवेअर क्लायंटने तपासून स्वीकारणं, इंग्रजीत अ‍ॅक्सेप्टन्स टेस्टिंग. "काये द रसेत" म्हणजे त्या तपासणीची वही, त्यात कुठली कुठली टेस्ट करायची ते लिहिलेलं असतं, तिचं पाककृतींची वही झालं तर वाचणाऱ्याला काय कळणार. मी मुलांना हे समजावताना फ्लॅटचं उदाहरण देते. बिल्डर म्हणतो फ्लॅट तयार आहे, मग आपण ताबा घ्यायच्या आधी जातो, सगळे नळ सोडून बघतो, खिडक्या सरकवून बघतो, बाथरूमचा उतार बरोबर आहे का म्हणून बादलीभर पाणी ओततो, कुठे ओल आहे का ते हात लावून बघतो, यादी करतो, आणि ती कामं झाल्यावरच सही करून किल्ली घेतो. हे जे सगळं आहे ते रसेत. मूळ अर्थच "घेतलेलं, स्वीकारलेलं" असा आहे, लॅटिनमधून आलाय, आणि पाककृती, पैशांची आवक, सॉफ्टवेअरची तपासणी हे तिन्ही अर्थ त्या एकाच घेण्यातून फुटलेत. हे एकदा मराठीत मनात बसलं की मग कधीच चूक होत नाही. तसंच "काये दे शार्ज". त्यात पैसे आकारण्याचा काही संबंध नाही, क्लायंटला नेमकं काय काय हवंय त्याचं ते डॉक्युमेंट, स्पेसिफिकेशन.

काही ठिकाणी तर मराठी माणसाला इंग्रजी माणसापेक्षा फ्रेंच जास्त जवळचं पडतं, हे आपल्याला कुणी सांगतच नाही. फ्रेंच माणूस "आठ दिवसांत उत्तर द्या" म्हणतो तेव्हा त्याला एक आठवडा म्हणायचा असतो, आणि "पंधरा दिवस" म्हणतो तेव्हा दोन आठवडे. आपण वेगळं काय म्हणतो? आठवड्याच्या नावातच आठ आहे आपल्याकडे! गावाहून आठ दिवसांनी येतो म्हणणारा माणूस सोमवारी गेला की पुढच्या सोमवारी येतो. पण इंग्रजी करताना आम्ही लोक "एट डेज", "फिफ्टीन डेज" लिहून मोकळे होतो आणि प्रोजेक्ट मॅनेजर कॅलेंडरवर बोट ठेवून खरोखर पंधरा मोजतो, डिलिव्हरी सोमवारऐवजी मंगळवारी जाते, आणि मग उशिराबद्दल स्पष्टीकरण द्यायचं. मी "टू वीक्स" लिहिते आणि शक्य असेल तर पुढे तारीखही लिहिते.

आठावरून आठवलं, फ्रेंच लोक बाइटला "ऑक्ते" म्हणतात, आठ बिटांचा गट म्हणून, आपलं अष्टक. त्यामुळे एमबीच्या जागी ते एम ओ लिहितात आणि जीबीच्या जागी जी ओ. डिस्कवर "5 जी ओ" शिल्लक आहेत असं लिहिलेलं असतं आणि नवीन माणूस ते इंग्रजी "गो" म्हणून वाचतो. त्यात दशांश चिन्हाच्या जागी ते स्वल्पविराम देतात, म्हणजे 1,500 सेकंद लिहिलं तर ते दीड सेकंद, आपण वाचतो पंधराशे. टाइमआउटच्या, म्हणजे सिस्टिमने किती वेळ वाट बघायची त्या सेटिंगमधे ही चूक गेली तर भाषांतरकाराला कुणी शोधत येत नाही, इंजिनिअर बिचारे दोन दिवस कोड तपासत बसतात.

मुक्त आणि मोफत ह्या दोन शब्दांबद्दल मला मराठीचा खरंच अभिमान वाटतो. फ्रेंचमधे "लोजिसिएल लिब्र" म्हणजे मुक्त सॉफ्टवेअर, ज्याचा कोड कुणालाही बघता येतो, बदलता येतो, पुढे देता येतो, आणि "ग्रात्युई" म्हणजे मोफत, पैसे न पडणारं. इंग्रजीत दोन्हीला फ्री. म्हणून तर फ्री सॉफ्टवेअरची चळवळ उभी करणारे रिचर्ड स्टॉलमन इंग्रजीत बोलतानासुद्धा फ्रेंच-स्पॅनिशमधला तो "लिब्र" किंवा "लिब्रे" शब्द मधे घेतात. टेंडरच्या कागदात लिब्रचं नुसतं फ्री केलं तर वाचणारा समजतो की फुकट मिळणार आहे, आणि मग सपोर्टचं बिल आलं की वाद. मी तिथे "ओपन सोर्स" किंवा दोन शब्द जास्त घालून स्पष्ट लिहिते, शब्द वाढले तरी चालतील.

नुसत्या ईमेलच्या शब्दांबद्दलही थोडं सांगायला हवं, कारण मुलांच्या पुस्तकात एक शब्द असतो आणि मेलमधे दुसराच येतो. ईमेलला "कुरिएल" हा शब्द कॅनडातल्या क्वेबेकमधून रुळला, टपाल ह्या अर्थाच्या "कुरिए"मधून केलेला, आणि फ्रान्सने तो 2003 साली अधिकृत केला. त्याआधी 1997 मधे तिथे फ्रेंच स्पेलिंगचं "मेल" असं एक छोटं रूप पत्त्याच्या आधी लिहायला म्हणून सुचवलं होतं, जसं फोन नंबरच्या आधी टेलिफोनचं छोटं रूप म्हणून "तेल" लिहितात तसं. तरी फ्रान्समधे लोक बोलताना इंग्रजी "मेल"च म्हणतात, क्वेबेकमधे मात्र कुरिएल रोजचा शब्द आहे. क्वेबेकच्या लोकांनी असे शब्द फार जिवापाड बनवलेत. स्पॅमला "पुरिएल", त्यात पुबेल म्हणजे कचऱ्याचा डबा आणि कुरिएल एकत्र आलेत. चॅटिंगला "क्लावार्दाज", क्लाविए म्हणजे कीबोर्ड आणि बावार्दाज म्हणजे गप्पा. फिशिंगला "आमसोनाज", आमसों म्हणजे मासे धरायचा गळ. इंग्रजी करताना ह्यातलं काही उरत नाही, साधं स्पॅम, चॅट, फिशिंग लिहावं लागतं, आणि तेच लिहायचं, तिथे भाषांतरकाराने हौस करू नये. पण शिकवताना मुलांना ही गंमत जरूर सांगावी, शब्द डोक्यातून जात नाही. "ऑर्दिनातर" हा कॉम्प्युटरचा शब्द तर 1955 साली आयबीएमच्या फ्रान्समधल्या शाखेला जाक पेरे नावाच्या लॅटिनच्या प्राध्यापकांनी पत्र लिहून सुचवला होता, आणि तो आज तिकडे लहान पोराच्याही तोंडात आहे. आपलाही संगणक शब्द चांगला आहे, फक्त आपण तो सरकारी फॉर्मवर ठेवून दिलाय.

इथे एक अक्षराचा खड्डा आहे तो सांगते. कुरिए म्हणजे कागदी टपाल, कुरिएल म्हणजे ईमेल, लिहिताना फक्त शेवटचं अक्षर वेगळं. एका करारात रद्द करण्याची सूचना "कुरिए"ने, तेही रजिस्टर्ड, पाठवायची असं होतं, इंग्रजीत ईमेल झालं, आणि ज्यांनी ईमेल पाठवला त्यांची सूचना धरलीच गेली नाही. त्यांना आणखी एक वर्षाचे पैसे भरावे लागले.

"दोसिए" म्हणजे फोल्डर आणि "फिशिए" म्हणजे फाईल. आपल्या सरकारी ऑफिसात लाल फितीची जी फाईल असते ती खरं तर दोसिए, तिच्यात बरेच कागद असतात, त्यामुळे इथे मराठीही थोडी फसवते, तेही मान्य करायला हवं. "तेलेशार्जे" म्हणजे डाउनलोड, पण फ्रान्समधले लोक सैलपणे अपलोडलाही तेच म्हणतात, क्वेबेकवाल्यांनी अपलोडसाठी "तेलेव्हेर्से" वेगळा ठेवलाय. त्यामुळे फ्रान्सचा मेल असेल तर फाईल कुठून कुठे चाललीय ते आधी बघायचं. फॉरवर्ड केलेल्या मेलच्या विषयात टी आर असतं, त्रान्सफेरेचं, तो सपोर्टच्या तक्रारीचा टिकिट नंबर नाही. आणि एम ए जे ही तीन अक्षरं म्हणजे "मीझ आ जूर", अपडेट, पण कीबोर्डवर तीच अक्षरं असलेलं बटन म्हणजे शिफ्ट! वाक्य अख्खं वाचल्याशिवाय कळतच नाही.

मेलच्या शेवटी ते लोक लांबलचक वाक्य लिहितात, माझ्या विशेष आदराच्या भावनेचा स्वीकार करावा अशा धर्तीचं. त्याचं शब्दशः इंग्रजी करू नये, "युअर्स फेथफुली" किंवा "रिगार्ड्स" पुरे. आपण पत्राच्या शेवटी "कळावे, लोभ असावा ही विनंती" लिहितो त्यातल्या लोभाचं कुणी ग्रीड केलं तर आपल्याला कसं वाटेल? तू आणि तुम्ही हा फरकही त्यांच्याकडे आहे, इंग्रजीत नाही. समोरचा माणूस तुम्हीवरून तूवर आला तर संबंध मोकळे झालेत हे आपल्याला लगेच कळतं, मी मग इंग्रजीत "डिअर"चं "हाय" करते, तेवढंच करता येतं.

आता तक्रार. कंपन्या हल्ली मशीनकडून भाषांतर करून घेतात आणि आम्हाला म्हणतात फक्त नजर टाका, पैसेही नजर टाकण्याचेच. अख्खा मेल दिला तर मशीन पुष्कळदा बरोबर सांगतं, ते मी नाकारत नाही, "मेर्सी द"सुद्धा ते आता नीट करतं. पण आमच्याकडे येते ती एक्सेलची शीट, चारशे ओळी, एका ओळीत एक शब्द, "व्हालिदे", "आन्युले", "आंरजिस्त्रे". आंरजिस्त्रे म्हणजे सेव्ह की रेकॉर्ड की रजिस्टर? आन्युले म्हणजे कॅन्सल की अनडू? बटन कुठल्या स्क्रीनवर आहे ते दिसल्याशिवाय मशीनलाही कळणार नाही आणि मलाही नाही. स्क्रीनशॉट मागितला की उत्तर येतं, कॉन्फिडेन्शियल आहे, तुम्ही जनरल अर्थ लिहा. जनरल अर्थ असा काही नसतो हो. एका प्रोजेक्टमधे मी बावीस प्रश्न लिहून पाठवले, एकाचंही उत्तर आलं नाही, आणि सहा महिन्यांनी युजर लोकांच्या तक्रारी आल्या त्या बहुतेक त्याच बावीस शब्दांवर होत्या. ज्या इंजिनिअरने ती स्क्रीन बनवली त्याच्याशी मला अर्धा तास फोनवर बोलू द्या, एवढीच माझी मागणी आहे, ह्यात कुठलं गुपित फुटतं?

आणि पुण्यात फ्रेंच शिकवणाऱ्या सगळ्यांना, ज्युनिअर कॉलेजांपासून रानडे इन्स्टिट्यूट आणि आलियान्स फ्रान्सेझपर्यंत, एक विनंती आहे. तुम्ही शिकवता त्यावरच आम्ही जगतोय, त्याबद्दल मनापासून आदर आहे. पण वरच्या वर्गांमधे निदान काही तास खरे वाटतील असे ऑफिसचे मेल, एरर मेसेज, रसेतची वही हे समोर ठेवा आणि मुलांना त्याचा अर्थ आधी मराठीत तोंडी सांगायला लावा. वर्गात मराठी बोललं की कमीपणा वाटतो हे मी पाहिलंय. ज्याची मातृभाषा हिंदी, गुजराती, कन्नड असेल त्याने आपल्या भाषेत सांगावं, शेवटी कागदावर इंग्रजीच उतरवायचंय.

ती मुलगी आता दुसऱ्या कंपनीत आहे, चांगलं काम करते. आम्ही दोघींनी मिळून तीन रकान्यांची एक वही सुरू केली होती, डावीकडे फ्रेंच, उजवीकडे इंग्रजी आणि मधला रकाना मराठीचा, तो आम्ही पेन्सिलने लिहितो कारण तोच सारखा बदलावा लागतो. त्यातली पहिली नोंद त्या दिवशीच्या दुसऱ्या मेलची आहे. "रलांस", मधे लिहिलंय "पुन्हा आठवण, अजून उत्तर नाही म्हणून", उजवीकडे रिमाइंडर. गेल्या मंगळवारी रात्री तिचा फोन आला, म्हणाली, "ताई, 'रलांसे ल त्रॅत्मां' असं आलंय, इथे आठवण करून द्यायला कुणी माणूसच नाहीये, सर्व्हरवर रात्री आपोआप चालणारा जॉब मधेच बंद पडलाय." मी म्हटलं मग मराठीत काय म्हणशील? ती म्हणाली, "पुन्हा लावा." वहीत त्याच शब्दाखाली दुसरी ओळ लिहिली, मधे "पुन्हा लावणे", उजवीकडे रीरन.

कळावे,
आपली,
एक फ्रेंच-इंग्रजी भाषांतरकार, कोथरूड, पुणे